‘फिरवू नये’

दामा,

उद्या तुझं इंजिन न्यायला येणार आहेत. तुझ्या उड्डाणशाळेच्या कॅप्टनांचा फोन सकाळीच आला. मी लॉजवर पाहुण्यांच्या भाकरी थापत होते, पिठाच्या हातानंच उचलला. म्हणाले, "अक्का, तेरावा दिवस होऊन गेला ना? आता आलो तर चालेल?" या म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले. इंजिन त्यांचं, गोठा आपला, आणि मधला माणूस तूच नाहीस.

दुपारची जेवणं आटोपून गणेशगुडीहून चालत घरी आले आणि गोठ्याचं दार उघडलं. म्हैस विकल्यापासून गोठ्यात हे तुझं एकच जनावर. सागवानी चौकटीवर बसवलेलं, प्लॅस्टिकात गुंडाळलेलं, गळ्यात तांबडी पाटी, तुझ्या अक्षरात: फिरवू नये. त्याच्यापुढं पोतं अंथरून बसले आहे आणि तुला लिहिते आहे. स्वयंपाकघरातल्या सामानाच्या यादीपलीकडं मी काही लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. पण तुझ्याशी भांडायची सवय मला तू पाळण्यात होतास तेव्हापासूनची, आणि आपलं एक भांडण अर्ध्यात राहिलंय. शिवाय एक गोष्ट तुला सांगायची राहिलीय. ती उद्याच्या आत सांगून टाकली पाहिजे. उद्या ते लोक इंजिनाच्या पोटात कॅमेरा घालून बघणार आहेत. आत गंज निघाला तर नाव तुझं जाईल, आणि केलेलं असेल मी.

आठवतो का तुला इंजिन आणलंस तो दिवस? लॉकडाउन उठून थोडेच दिवस झाले होते. ज्या उड्डाणशाळेत विमानांची इंजिनं दुरुस्त करत तू उमर घातलीस, ती बंद पडली. शिकाऊ पोरांना घेऊन उडणारं ते दोन माणसांचं विमान सुटं करून कॅप्टनांनी कुठंतरी हलवलं. राहिलं त्याचं इंजिन. तू नुकतंच ते उघडून, एकेक भाग बघून परत जोडलं होतंस. ते ठेवायला कॅप्टनांना तुझ्याइतका भरवशाचा माणूस दुसरा मिळेना. रामनगरपासून इथवर टेम्पोच्या मागं इंजिनाला धरून बसून आलास. केसात धूळ, डोळे लाल, आणि चेहरा तर नवी नवरी आणल्यासारखा. लग्न काही केलं नाहीस, ते एक बरं झालं म्हणायचं. त्या बाईला हे बघवलं नसतं.

"हे काय आणलंस रे?"

"तीन म्हयन्यांसाठी हाय अक्का. कॅप्टन नवी शाळा काढणार हायत, तवा नेतील."

"सगळं जग सोडून जोयड्यात? अरे, इथं पावसाळ्यात पापडाला बुरशी, पेटीतल्या लुगड्याला बुरशी, देवाच्या वातींना बुरशी. आणि तू लोखंड ठेवतोस?"

"म्हणून तर माझ्याजवळ दिलंय. कोरड्या गावात कोण बी ठेवंल की."

त्या तीन महिन्यांचे पाच पावसाळे झाले. आता सहावा चालू आहे.

त्या दिवशी जेवताना तू मला कॅप्टनांशी झालेलं भांडण सांगितलंस. लॉकडाउनात विमान नुसतं उभं होतं तेव्हा ते म्हणायचे, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करत जा, म्हणजे बिघडणार नाही. तू ऐकलं नाहीस. आठवडाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं होतंस म्हणे. ज्याचं मीठ खायचं त्याच्याशीच अबोला! मी विचारलं, पाच मिनिटं चालवलं तर काय आभाळ कोसळतं?

तू भाताचा घास तसाच हातात धरून सांगायला लागलास. "अगं, पाच मिनिटात तेल नीट तापत न्हाई. इंधन जळलं की आत पाण्याची वाफ हुतीया. तेल कडकडीत तापलं तर ती उडून जातीया. न्हाई तापलं तर तिथंच पाणी हुऊन तेलात बसतंय आणि आतनं लोखंड खातंय. चालवायचं तर उडवायचं, चांगलं तासभर. न्हाईतर नीट झोपवायचं. मधीच उठवायचं, मधीच बसवायचं, हे न्हाई चालत."

"म्हणजे अर्धी कच्ची भाकरी," मी म्हटलं.

"व्हय. तसंच."

मला तेवढं कळलं होतं हो. पुढचं कळलं नाही, तिथंच सगळा घोळ झाला.

त्याला झोपवायचा तुझा कार्यक्रम मी दारात उभी राहून बघितला. चार सिलिंडर, दोन इकडं, दोन तिकडं. वरचे प्लग काढलेस आणि एकेकात ते घट्टसर, मधाच्या रंगाचं तेल फवारलंस. इतकं हळू की मला वाटलं, आत कोणी निजलंय. मग प्लगांच्या जागी पारदर्शक नळ्या बसवल्यास, त्यात निळे निळे मणी. हवा आत जायची तोंडं, धूर बाहेर यायची तोंडं, सगळी बंद करून पट्ट्या चिकटवल्यास. माझ्या तोंडून गेलं, "मेलेल्या माणसाच्या नाकात कापूस घालतात तसं काय करायलास रे?" तर केवढा भडकलास! "मेलेलं न्हाई. झोपलंय. दोन्हीत फरक हाय. गप सुम्म बस तिथं."

मण्यांचं काम मात्र तू माझ्याकडं दिलंस, आणि ते मी मनापासून केलं, हे तुला कबूल करावं लागेल. मणी ओल पितात आणि पिऊन पिऊन गुलाबी होतात. गुलाबी दिसले की काढायचे, कढईत मंद आचेवर भाजायचे, परत निळे झाले की भरायचे. त्यासाठी माझी चांगली लोखंडी कढई घेतलीस. "ह्यात परत भाजी करशील तर मरशील," असं वर सांगितलंस. जून ते सप्टेंबर, दर पंधरा दिवसांनी. लॉजवर शहरातले पाहुणे बोटीतून नदी उतरायला येतात, ओले होऊन गरम भजी मागतात, आणि मी घरी येऊन विमानाचे मणी भाजते. कुणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं. पण भाजताना ते गुलाबीचे जांभळे, जांभळ्याचे निळे होत जायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं. तू चुलीपाशी येऊन बघायचास आणि म्हणायचास, "कॅप्टनांच्या शाळंत बी कुणाला एवढं नीट जमत न्हवतं." तू कौतुक केलंस अशा मोजक्या गोष्टींत ती एक.

आता भांडणावर येते. आपल्या घरची रीत तुला सांगायला नको, पण कुणी तिसऱ्यानं हे वाचलं तर त्यालाही कळायला हवं. खंडेनवमीला कोयता, विळी, पारई, तुझे पाने, लॉजचा पंप, सगळं धुऊन पुसून हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. त्या दिवशी हत्याराला सुट्टी. आणि दसऱ्याच्या सकाळी पुजलेल्या प्रत्येक हत्यारानं थोडं तरी काम करून दाखवायचं. कोयत्यानं एक फांदी, विळीनं एक काकडी, पंपानं दोन बादल्या पाणी. अव्वा, आपली आई, म्हणायची, "पुजल्यालं हत्यार बसून ऱ्हायलं तर त्याचा धनी बसतोय." अव्वानं सांगितलेल्या बाकीच्या शंभर गोष्टी मी सोडल्या असतील, ही सुटली नाही.

पहिल्या वर्षी इंजिनाच्या प्लॅस्टिकवर कुंकू लावलं आणि दसऱ्याला सकाळी म्हटलं, "आता दोन फेरे फिरव."

"न्हाई."

"एक तरी."

"अर्धा बी न्हाई. पाटी दिसत न्हाई?"

"देवाच्या कामाला पाटी दाखवतोस?"

तेव्हा तू चिडून का होईना, पण समजावलं होतंस. आतल्या भिंतीवर तेलाचा पातळ थर असतो. फिरवलं की पिस्टन सरकतो आणि त्याच्या रिंगा तो थर खरवडून नेतात. उघडं पडलेलं लोखंड आणि आपल्या जोयड्याची हवा! महिन्या-दोन महिन्यांत तांबूस. आणि मग कधीतरी चालू केलं की तोच गंज आतून पॉलिशपेपरासारखा घासत राहतो. "इंजिन चालून जेवढं झिजत न्हाई तेवढं बसून झिजतंय, अक्का. म्हणून बसवायचं तर नीट बसवायचं. आणि एकदा बसवलं की हात लावायचा न्हाई. मायेनं बी न्हाई."

पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या वर्षी मी परत तेच म्हटलं, तू परत तेच उत्तर दिलंस. चार दसरे असे गेले. मी म्हणायचे, थांबलं ते मेलं. तू म्हणायचास, नीट थांबवायला अक्कल लागते. आणि हे कोण सांगतंय, तर ज्याला डॉक्टरनं चार दिवस पडून राहा म्हटलं तरी जो पंप दुरुस्त करायला विहिरीत उतरतो! स्वतःला नीट थांबवायची अक्कल तुला कधी आली नाही. हे मी तुझ्या तोंडावरही सांगितलं होतं.

मग गेल्या वर्षी, श्रावण संपता संपता, तुला धाप लागायला लागली. अंगण ओलांडलंस की थांबायचास, खांबाला हात लावायचास. बेळगावला नेलं. फुप्फुसं खराब झालीत म्हणाले, ठेवून घेतलं, नाकाला नळी लावली. आणि मी त्या खाटेशेजारी उभी राहून काय बोलले ते तुला आठवत असणारच. "चार वर्षं ते मढं दारात बसवून ठेवलंस, म्हणून आज तू बसलास." शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला, एवढ्या मोठ्यानं बोलले. तू नुसतं तोंड भिंतीकडं फिरवलंस. दामा, मला त्या बोलण्याची लाज वाटते. भीती वाटली की मला राग येतो, लहानपणापासूनचं आहे ते. तू काळी नदीत बुडता बुडता वाचलास तेव्हासुद्धा आधी मी तुझ्या थोबाडीत दिली होती आणि मग रडले होते.

दसऱ्याला तू दवाखान्यातच होतास. पूजेपुरती मी दोन दिवस घरी आले. खंडेनवमीला सगळं पुजलं. दसऱ्याला सकाळी काकडी कापली, फांदी तोडली, पंप चालवला. आणि गोठ्यात येऊन ह्याच्यापुढं उभी राहिले.

आता सांगते. मी पुढचं प्लॅस्टिक सोडलं. पंखा जिथं बसतो ती गोल जाड तबकडी उघडी झाली. तिच्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ होती, तबकडीवरून मागच्या अंगावर गेलेली. मला वाटलं रंग सांडलाय. तू आढ्याला अडकवलेला तो लाकडी दांडा काढला. इंजिन झोपवण्याआधी तू तो दोन बोल्टांमध्ये घालून फिरवताना मी बघितलं होतं, तसाच घातला, आणि सगळा जीव लावून फिरवलं. आधी हलेना. मग आतून एक सुस्कारा आला आणि ते फिरलं. एक पुरा फेरा आणि वर थोडा. मी मोठ्यानं म्हटलं, "आता ऊठ रं बाबा." ते इंजिनाला नव्हतं. तुला होतं.

मग सगळं होतं तसं गुंडाळलं, दांडा वर अडकवला, आणि दुपारच्या गाडीनं बेळगावला आले. तुझ्या उशाला आपट्याची पानं ठेवली. काय केलं ते बोलले नाही.

आणि तू उठलास की रे! चौथ्या दिवशी नाकातली नळी काढली. दिवाळीच्या आधी घरी आलास, स्वतःच्या पायानं पायरी चढलास. इथंच तर माझी गोची झाली. सांगावं तर तू चिडणार. न चिडता हसलास, "तुझ्या फेऱ्यानं न्हाई गं, औषधानं" असं म्हणालास, तर ते मला चिडण्यापेक्षा वाईट लागणार. आणि मनातून मला दोन्ही वाटत होतं. भाऊ उठला म्हणून अभिमान, आणि ज्या लोखंडासाठी त्यानं एवढं केलं ते मी नासवलं असेल म्हणून अपराधीपण. एकाच पोटात दोन्ही घेऊन मी तुला जेवायला वाढत होते.

घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणालास, "मला गोठ्यात खुर्ची टाकून दे." दोन दिवस तिथंच बसलास. चारही सिलिंडरांत परत तेल फवारलंस. हात थरथरत होते, बाटली मी धरली. हे दे, ते दे, टॉर्च दे, फडकं दे, लॉजच्या फाटकाचा पिवळा रंग उरलाय का बघ, पेज आण, पेज गार झाली, परत तापव. मी वैतागून विचारलं, आजारी माणसानं हे आत्ताच करायला हवंय का? म्हणालास, "तेल जुनं झालं गं. द्याया पायजे." मला बरंच वाटलं. नवं तेल पडलं, माझं पाप थोडं तरी झाकलं जाईल.

एकदा सांगायला गेले होते. माघात अंगणात उन्हाला बसलो होतो, तू चिंचोके निवडत होतास. म्हटलं, "दामा, त्या दसऱ्याला मी काय केलं ठाव हाय..." तू मध्येच म्हणालास, "अक्का, ते आंबाड्याचं लोणचं संपलं का गं?" मी लोणचं बघायला आत गेले. बरणी घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं धाडस गळून गेलं होतं. तू बोटानं लोणचं चाटून म्हणालास, मीठ कमी आहे.

मग आषाढ आला आणि परत धाप लागली, आणि ह्या वेळी दवाखान्यात नको म्हणालास. शेवटच्या सकाळी दोन चमचे पेज घेतलीस. विचारलंस, "मणी बघितलेस?" मी म्हटलं, "निळे हायत." तू मान हलवलीस. ते तेवढं मी तुला खरं सांगितलं होतं, दामा. मणी निळेच होते.

काल इथवर लिहून उठले होते. पुढचं आज लिहिते. ते येऊन गेले.

दहाच्या सुमाराला आले. कॅप्टनांचे केस पुरते पांढरे झालेत. बरोबर हेमा होती, खानापूरची, जिला तू कामाला लावलंस आणि जिच्या हातातनं पाना पडला की सगळ्या शेडला ऐकू जाईल असा ओरडायचास, ती. आता नव्या शाळेत इंजिनांची सगळी जबाबदारी तिच्यावर आहे. गोठ्यात शिरली, पाटीवरचं तुझं अक्षर बघितलं आणि ओढणीनं डोळे पुसले. मग पिशवीतून कॅमेऱ्याची बारीक नळी काढली.

मी म्हटलं, "थांबा. आधी माझं ऐका." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. "गेल्या दसऱ्याला हे मी फिरवलंय. दामाला त्याचा पत्ता नव्हता. आत काही वाईट निघालं तर ते माझं. त्याच्या नावाला बट्टा लावू नका." बोलताना आवाज चढला, सवयीप्रमाणं. कॅप्टन पोत्यावर बसले. हेमानं एवढंच विचारलं, "किती फिरवलंत?"

"एक फेरा. आणि वर थोडा."

तिनं पहिली मण्यांची नळी काढली, कॅमेरा आत सोडला, हातातल्या छोट्या पडद्यावर बघायला लागली. मला बघवेना. मी दारातून सागाच्या झाडाकडं बघत उभी राहिले. तुझ्या शेवटच्या दिवशीसुद्धा मला एवढी भीती वाटली नव्हती, खरं सांगते. त्या दिवशी काय होणार ते ठाऊक होतं.

"अक्का, बघा."

पडद्यावर लखलखीत भिंत. तिच्यावर तेल, आणि तेलाखाली बारीक तिरक्या रेघांची जाळी. हेमा म्हणाली, "ही काकांच्या हातची. सिलिंडर घासताना पाडलेली. तशीच्या तशी हाय." दुसरं तसंच. तिसरं तसंच. चौथ्यात वरच्या बाजूला तपकिरी काहीतरी दिसलं. तिनं तारेला फडकं बांधून आत घातलं, बाहेर काढून बोटावर चोळलं. "तेल जमून घट्ट झालंय. गंज न्हाई."

मी तिच्या हातातलं फडकं घेऊन माझ्याही बोटावर चोळून बघितलं.

पण हेमाच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. "अक्का, तुम्ही फिरवल्यावर तेल खरवडलं गेलं असणार. दहा म्हयनं ह्या हवेत... काहीतरी दिसायलाच पायजे होतं. हे तेल तर त्याच्या नंतरचं वाटतंय." मी म्हटलं, दिवाळीच्या आधी त्यानं परत फवारलं होतं, जुनं झालं म्हणून. ती मग उठली आणि पुढचं प्लॅस्टिक सोडायला लागली.

"इकडं या."

गोल तबकडी. तिच्यावरची पांढरी रेघ खाली, भलतीकडंच गेलेली. मागच्या अंगावरची पांढरी रेघ मात्र जागेवर. आणि त्या जागेवरच्या रेघेला जुळवून तबकडीवर एक नवी रेघ काढलेली. पिवळी. थरथरत्या हाताची, वाकडी.

तो रंग मी ओळखला. लॉजच्या फाटकाचा.

हेमानं सांगितलं, पांढरी रेघ म्हणजे खूण. इंजिन झोपवलं की काढून ठेवायची. कुणी फिरवलं तर दोन तुकडे जुळत नाहीत, लगेच कळतं. "काकांना बघितल्या बघितल्या कळलं असणार. मागं फिरवून रेघ जुळवली असती तर उरल्यालं तेल बी पुसलं असतं. म्हणून त्यांनी हात लावला न्हाई. तुम्ही जिथं थांबवलं तिथंच ठेवलं, तेल दिलं, आणि तिथं नवी खूण केली."

कॅप्टन म्हणाले, "कळलं होतं तर बोलला कसा नाही? दामू? माझ्याशी पाच मिनिटांवरून आठवडाभर अबोला धरणारा माणूस?"

 गोठ्याच्या भिंतीला टेकून मी रडले, आणि सतरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर रडले. तू जागेवरून पाना हलला तरी घर डोक्यावर घेणारा. आणि आठ-नऊ महिने माझ्यासमोर बसून माझ्या हातचं जेवलास, आणि एक शब्द काढला नाहीस. दवाखान्यात मी तुला काय बोलले होते ते ठाऊक असून. मी ते कशासाठी फिरवलं ते कळलं म्हणूनच ना?

इंजिन टेम्पोत चढवताना मी पाटीला हळदकुंकू लावलं. हेमानं अडवलं नाही. म्हणाली, "आधी आतलं जुनं तेल काढू, सगळं परत तपासू, मग बसवू. पहिल्यांदा चालू केलं की तासभर तरी हवेत ठेवू, अक्का. पाच मिनिटं न्हाई." कॅप्टन खाली मान घालून हसले. आढ्यावरचा दांडा मी तिलाच दिला. पिवळी रेघ पुसू नकोस, एवढंच मागितलं. ती म्हणाली, "मी न्हाई पुसणार. पण तिथं पंखा बसतोय. झाकली जाईल." झाकू दे म्हटलं. असली म्हणजे झालं.

गोठा रिकामा आहे. कढई घासून उलटी ठेवलीय, तिच्यात भाजी करणार नाही, घाबरू नकोस. मला वाटत होतं, सांगायचं माझं राहिलं. तुझंही राहिलं होतं की रे. मी माघात तोंड उघडलं तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं, आणि मला लाज वाटू नये म्हणून तू मला बरणी आणायला पाठवलंस. एवढं शहाणपण कुठून आलं तुला?

दामा, पुढच्या जन्मी माझाच भाऊ हो. पण मी असं काही केलं तर लोणचं मागू नकोस. नेहमीसारखा ओरड माझ्यावर.